दोन हाका

त्या फ्रेंच मालिकेतल्या आईला मी पहिल्याच भागात नापास करून टाकलं होतं.

गोष्ट साधी होती. नदीकाठचं एक छोटं गाव, बघावं तेव्हा धुकं, आणि सोळा वर्षांची एक मुलगी रविवारी दुपारचं जेवण झाल्यावर घराबाहेर पडते ती परत येत नाही. तपासाला येते एक हडकुळी इन्स्पेक्टर. तिला पहिल्या भागापासून सर्दी झालेली. आम्ही मायलेकींनी तिचं नाव शेंबडी ठेवलं. ही शेंबडी नाक पुसत मुलीच्या आईला पहिलाच प्रश्न विचारते, "निघाली तेव्हा तिनं काय घातलं होतं?" आणि ती बाई नुसती बघत राहते. आठवत नाही म्हणते.

"कसली ही आई!" मी म्हटलं. "पोटच्या पोरीनं अंगात काय घातलंय ते माहीत नाही? दिवसभर करते काय ही बाई?"

माझी मुलगी शेजारी बसली होती. तिलाही तेव्हा सोळावंच लागलं होतं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. इथल्या बहुतेक घरांत तेच चालतं. ती म्हणाली, "ओके आई, क्लोज युअर आइज. व्हॉट अ‍ॅम आय वेअरिंग?"

"काळा टीशर्ट," मी डोळे मिटून म्हटलं. "दुसरं काय असणार?"

बरोबर निघालं. तिच्याकडे चार काळे टीशर्ट होते आणि ती आलटून पालटून तेच घालायची, त्यामुळे पैज हरणं अवघडच होतं. दोघी हसलो. मी मात्र खरंच काहीतरी जिंकल्यासारखी मान ताठ करून चहा प्यायले.

आम्ही कतारला, दोह्यात अल अझीझिया भागात राहतो. घर म्हणजे एका मोठ्या व्हिलाचा तुकडा. मालकानं व्हिलाचे पाच भाग पाडले, मध्ये जिप्समच्या भिंती घातल्या आणि पाच कुटुंबं भरली. आमच्या बैठकीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाखाली जुन्या दाराची चौकट अजून दिसते. पूर्वी तिथून माणसं पलीकडच्या खोलीत जात असणार. आता पलीकडे रत्नागिरीकडच्या एक खाला राहतात. नवरा, दोन मुलगे आणि त्या. खाला आमच्यापेक्षा पंधरा वर्षं आधी इथे आल्या. माझ्या मुलीला पहिली मेंदी त्यांनीच काढली.

अशा भिंतीला जपून वागावं लागतं. खालांच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मी सांगू शकते, तेव्हा आमच्याकडचं त्यांना काय काय ऐकू जात असेल याचा हिशोब न केलेला बरा. त्यामुळे वर्षाचे दहा महिने आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात जाऊन, एक्झॉस्ट पंखा लावून, कुजबुजत भांडतो. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मनसोक्त ओरडून भांडायची हौस काही फिटली नाही.

ती फिटते उन्हाळ्यात. जूनमध्ये शाळा बंद झाल्या की सगळे गावी जातात आणि व्हिला ओस पडते. जाणारा माणूस किल्ली मागे राहणाऱ्याकडे देऊन जातो. मागे राहिलेल्याने आठवड्यातून दोनदा जायचं, नळ सोडायचे, झाडांना पाणी घालायचं, गाडी सुरू करून पाच मिनिटं ठेवायची. एसी मात्र बंद करायचा नसतो. तो मंद चालूच ठेवतात, नाहीतर दमटपणाने सोफ्याला बुरशी धरते. म्हणजे माणसं नसलेली ही घरं दोन महिने गारच असतात. त्या वर्षी नवऱ्याच्या साइटवर कुणालाच रजा नव्हती, त्यामुळे मागे राहणारे आम्ही. चार घरांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आल्या. खालांच्या किल्लीला हिरवी रिबन होती.

शेजार रिकामा झाला आणि आमचे आवाज चढले. सकाळच्या चहाला, फोनवर, मी धुणं वाळत घालताना परसातून आणि हे दाढी करताना न्हाणीघरातून, आम्ही मोकळ्या गळ्याने बोलायला लागलो. मुलीच्या खोलीचं दार जाड आहे आणि तिच्या कानात सदानकदा हेडफोन, तेव्हा तिची धास्ती नव्हती. बोलण्यासारखा विषयही होता. अकरावीला तिला पुण्याला माझ्या बहिणीकडे पाठवायचं आम्ही ठरवलं होतं. इथे दहावी झाली की बरेच जण मुलांना तिकडे पाठवतात. कॉलेज, क्लास, पुढच्या प्रवेश परीक्षा, सगळं तिकडे सोपं पडतं. फॉर्म भरून झाला होता. तिला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं तर महिनाभर तोंड फुगवून बसेल, तिकीट हातात आलं की सांगू, असं माझंच मत पडलं होतं आणि माझ्या मतापुढे घरात फारसं कुणी जात नाही.

मालिका सुरू केली ती तिचं शाळेतलं फ्रेंच गंजू नये म्हणून. रोज पाच वाजता मी चहा करायचे, "चहा झाला गं!" म्हणून हाक मारायचे, ती यायची, आणि मग एक भाग. तीन भाग असे झाले. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. दारातून म्हणाली, "यू वॉच. आय ॲम नॉट इन द मूड." नंतर हेच रोजचं झालं. जेवायला यायची, ताटात बघून जेवायची आणि परत दार लावून घ्यायची. दारावर टकटक केल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम तिनं वर्षभरापूर्वीच घातला होता. मी म्हटलं, वयच तसं आहे. आणि खरं सांगायचं तर मला शेंबडीचं वेड लागलं होतं. मी एकटी बघायला लागले.

त्याच सुमाराला भिंतीतून आवाज यायला लागले.

दुपारी तीनची वेळ. जूनमधली इथली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगणं कठीण आहे. बाहेर उजेड इतका पांढरा असतो की गल्लीत सावलीसुद्धा उरत नाही. माणूस नाही, मांजर नाही, फक्त एसींची घरघर. मी बैठकीत आडवी झाले होते. पलीकडे, खालांच्या रिकाम्या घरात, खुर्ची सरकावी तसा आवाज झाला. मी उठून बसले. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक, दुरून यावं तसं संगीत. ते मी ओळखलं. आमच्या मालिकेचं होतं. आणि मग भिंतीपलीकडे शेंबडी शिंकली.

तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा अंगावर काटा आला. ती शिंक मी तीन भाग ऐकली होती, चुकणं शक्य नव्हतं. मी मुलीच्या दारापर्यंत गेले. आत एसी चालू होता. नियम आठवून मी नुसती खाकरले आणि परत आले. पाच वाजता मी चौथा भाग लावला, तर तेच संगीत, मग शिंक, त्याच क्रमानं. म्हणजे रिकाम्या घरात कुणीतरी माझी मालिका माझ्या पुढे राहून बघत होतं.

नवऱ्याला सांगितलं. हे म्हणाले, "अगं, जिप्सम आहे. तापलं की वाजतं."

"वाजतं. शिंकतंसुद्धा का?"

"मालिका कमी बघ," हे म्हणाले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेतली. ती ड्रॉवरमध्ये जागच्या जागी होती, हिरव्या रिबनीसकट. खालांचं दार उघडलं आणि गार हवा अंगावर आली. सोफ्यावर, टेबलावर, टीव्हीवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या. घड्याळ चालू. खुर्चीवर खालांची जानमाझ, नमाजाची चटई, घडी करून ठेवलेली. सगळं त्यांनी ठेवलं तसंच. फक्त भिंतीजवळ जमिनीवर एक उशी पडली होती आणि ती मधोमध दबलेली होती. उंबऱ्याजवळच्या कढीपत्त्याच्या कुंडीला मी हात लावला. माझी पाणी घालायची पाळी तीन दिवसांपूर्वी झाली होती. माती ओली होती.

मी नळ सोडले नाहीत, गाडीला हात लावला नाही. कुलूप लावून घरी येईपर्यंत तोंडात रामरक्षा सुरू झाली होती. मुलगी स्वयंपाकघरात कॉर्नफ्लेक्स खात होती. तिनं विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन फार आहे." तिला घाबरवू नये असं मला वाटलं. किती शहाणी मी!

नंतरचे आठ-दहा दिवस ते असंच चालू राहिलं. रोज नाही, पण दुपारी कधीतरी भिंत बोलायची. कधी नळ, कधी पाऊल. एकदा तर मी चौकटीला कान लावून उभी राहिले आणि मला वाटलं की पलीकडेही कुणीतरी असंच कान लावून उभं आहे. श्वास ऐकू आला असं मी म्हणणार नाही. पण मी श्वास रोखला तेव्हा पलीकडची शांतता जास्त घट्ट झाली, एवढं नक्की. भीती वाटायची आणि तरी मी कुणाला बोलवत नव्हते, कारण कुणी आलंच तर म्हणेल काय, बाईला करमत नाही. मी मालिकाही चार-पाच दिवस बंद ठेवली. मग राहवेना, परत लावली.

मग तो रविवार आला. इथे रविवार कामाचा दिवस, हे साइटवर गेले होते. दुपारी मुलगी जेवली. दहीभात घेतला होता, अर्धा टाकला. मी समोर बसून फोनवर बहिणीशी प्रवेशाच्या यादीचं लिहीत होते. ताट उचलून ती आत गेली. पाच वाजता मी चहा केला आणि हाक मारली, "चहा झाला गं!" उत्तर आलं नाही. तिच्या कपावर बशी झाकली आणि भाग लावला. तो संपताना अशा ठिकाणी आणून सोडलं होतं की दुसरा लावणं भागच होतं. सलग दोन झाले. मशिदीतून मगरिबची बांग झाली तेव्हा मी दिवे लावायला उठले आणि बशी उचलली. चहा गार, वर जाड साय.

यावेळी टकटक केली. उत्तर नाही. दार ढकललं. एसी चालू, पलंग आवरलेला, फोन उशाशी चार्जिंगला लावलेला. दाराजवळ तिच्या चपला नव्हत्या.

ती न्हाणीघरातसुद्धा फोन घेऊन जाते. ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "बकाल्यात गेली असेल काही आणायला. मी निघतो." मी ओढणी घेतली आणि कोपऱ्यावरच्या बकाल्याकडे, म्हणजे आमच्या किराणा दुकानाकडे, जवळजवळ पळत गेले. संध्याकाळ होती तरी वारा भट्टीतून आल्यासारखा लागत होता. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या अंधाऱ्या, सगळे गावी गेलेले. अशा गल्लीत कुणी हाक मारली असती तरी ऐकणार कोण, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला.

दुकानदार केरळचा, दहा वर्षं आम्हाला ओळखतो. मी विचारलं, बेटी आयी थी क्या? तो म्हणाला, "आज नहीं देखा, मॅडम." मग फोन हातात घेऊन म्हणाला, "मैं ग्रुप में पूछता है. क्या पहना था?"

"काला टीशर्ट," मी पटकन म्हटलं.

तो लिहायला लागला आणि मला आमचं परस आठवलं. सकाळी मीच मशीन लावलं होतं. मीच वाळत घातलं होतं. एक, दोन, तीन, चार. चारही काळे टीशर्ट दोरीवर होते.

"रुको," मी म्हटलं. "काला नहीं."

"फिर?"

मी दुपार आठवायचा प्रयत्न केला. दहीभात आठवला. ताट आठवलं. बहिणीचा मेसेज शब्दन् शब्द आठवला. समोर बसलेल्या माझ्या मुलीचं मला गळ्यापासून खाली काही आठवेना. तिथे नुसती एक बसलेली जागा होती. दुकानदार वाट बघत होता, अंगठा फोनवर धरून, आणि मी त्या फ्रेंच बाईसारखी नुसती बघत राहिले. त्या बाईचा चेहरा मला तेव्हा कळला. मी तिला बावळट समजले होते.

घरी आले. कशाला ते ठाऊक नाही, पण आधी परसात जाऊन टीशर्ट मोजले. चार. मग टॉर्च घ्यायला ड्रॉवर उघडला, आणि हिरवी रिबन तिथे नव्हती.

खालांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नव्हता. बाहेरच्या उजेडात चादरी दिसत होत्या, आणि भिंतीजवळ, जिथे जुनं दार होतं तिथे, उशीवर ती बसली होती. पाठ भिंतीला, मांडीवर मिटलेला लॅपटॉप. अंगात माझा जुना बदामी कुर्ता, कुशीत उसवलेला. मार्चपासून तो मी शोधत होते.

आधी वाटलं, एक ठेवून द्यावी. मग वाटलं, मिठी मारावी. दोन्ही न करता मी तिच्या समोर फरशीवर बसले. फरशी बर्फासारखी होती.

"काय करतेस इथे?"

"लिसनिंग," ती म्हणाली.

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पहिल्या आठवड्यात ती एकटेपणासाठी म्हणून मागच्या दारानं इथे आली होती. मालिका तिला पुढे बघायची होती, माझ्या बडबडीशिवाय. आणि भिंतीतून तिनं आम्हाला ऐकलं. पुणे, फॉर्म, मावशीकडची खोली, तिकीट. "यू बोथ टॉक सो लाउडली," ती म्हणाली. त्यानंतर ती रोज यायला लागली. आपण नसताना आपलं घर कसं वाजतं ते तिला ऐकायचं होतं. मी स्वयंपाकघरात काय गुणगुणते, बाबा आल्यावर आम्ही काय बोलतो, तिचं नाव निघतं का.

"मला सांगायचंस तरी," मी म्हटलं. "मी किती घाबरले होते!"

कितीतरी महिन्यांनी, त्या अंधारात, ती माझ्याशी मराठीत बोलली.

"आज तू एकदाच हाक मारलीस, आई. मग टीव्ही लावलास."

ती दीड तास भिंतीला टेकून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसली होती आणि मी एका परक्या बाईची हरवलेली मुलगी शोधत होते. मला माझी लाज वाटली. आजही वाटते, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

बाहेर ह्यांची गाडी येऊन थांबली तशा आम्ही उठलो. तिनं उशी जागेवर ठेवली, चादर सरळ केली आणि कुलूप तिनंच लावलं.

त्या रात्री जेवताना आम्ही तिला सगळं सांगितलं, म्हणजे तिला माहीत असलेलंच. पुण्याचं रद्द करू, असं मी म्हणाले. ती चार दिवस बोलली नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाली की जाईन. का, ते मी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क मी त्या रविवारी घालवला होता. शेवटचे भाग आम्ही एकत्र बघितले. तिचे बघून झाले होते, तरी ती माझ्याबरोबर बसली आणि पुढचं फोडलं नाही. मुलगी सापडते की नाही ते मीही सांगणार नाही, कुणाला बघायची असेल तर. त्या बाईला मात्र मी परत एकदाही नावं ठेवली नाहीत.

जुलैत ती गेली. विमानतळावर करडी पँट, पांढरा शर्ट, डाव्या बाहीवर वरणाचा फिकट डाग, केसांना माझा तपकिरी चाप, उजव्या बुटाची नाडी लांब सुटलेली. नाडी बांध म्हणून मी सांगितलं. तिनं आत जाऊन बांधली असावी.

ऑगस्ट संपताना माणसं परतली. खालांनी आंबोशी आणि कोकमं आणून दिली, किल्ली परत नेली, कढीपत्ता जगला म्हणून खूश झाल्या. आम्ही पुन्हा कुजबुजायला लागलो. सप्टेंबर सरता सरता एक दिवस त्या दारात आल्या, हातात सांदणांची ताटली.

"पोर आली काय गो सुट्टीवर? सांगितलंस नाय तू."

"नाही हो खाला. डिसेंबरात येईल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मग रोज पाचाला हाका कोनाला मारतेस? 'चहा झाला गं' म्हनून? आनि एक नाय, दोन. मी आयकते ना पलीकडून."

मी ताटली हातात घेतली. सांदणं अजून कोमट होती. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मार हो. बेशक मार. पाच वाजले की मी टीवी बारीक करतंय."